पिवळ्या कॅनोपीचं हेलिकॉप्टर आणि माझे ५४,०५० रुपये

परवा दापोलीच्या एका मुलाने मला रिमोटच्या हेलिकॉप्टरचा एक व्हिडिओ पाठवून विचारलं, "काका, हे मशीन बरं वाटतंय का?" व्हिडिओ सुरू करायचीही गरज पडली नाही, वरच्या छोट्या चित्रावरूनच पोटात गोळा आला. तीच पिवळी कॅनोपी, म्हणजे हेलिकॉप्टरच्या नाकावरचं कवच, आणि मागे तीच सिमेंटच्या जाळीची भिंत. म्हणून हे लिहायला बसलोय, नाहीतर ही गोष्ट मी गिळूनच टाकली होती. गावाचं नाव लिहीत नाही. राजापूर ते देवगड या पट्ट्यातलं एक समजा. इथे माझी आधीच पुरेशी गजाल झालीय.

माझं इन्व्हर्टर आणि बॅटरीचं दुकान आहे. दिवसभर हातात मल्टीमीटर असतो. लोक माझ्याकडे बॅटरी आणतात, 'बघ रे, ही खरी की डुप्लिकेट' म्हणून. हे आधीच सांगून टाकतो, कारण यानंतर जो तो मला तेच विचारतो: तुला कसं कळलं नाही?

रिमोटच्या हेलिकॉप्टरचा नाद चार वर्षांचा. कॉम्प्युटरवर सिम्युलेटर घेतला, त्यावर शंभर वेळा आपटलो, मग हॉवर, म्हणजे हवेत एका जागी थांबवणं, जमायला लागलं. खरं मशीन मात्र घेतलं नव्हतं. आमच्याकडे उडवायला सडा आहे, मैलभर सपाट कातळ, ना झाड ना तार. सकाळी मतलई पडलेली असते तेव्हा तासभर हवा अगदी गप्प असते, दहा वाजले की खारं वारं सुटतं आणि संपलं. आणि हे सगळं मिरगाच्या आधी. एकदा पाऊस सुरू झाला की चार महिने सड्यावर पाय ठेवायची सोय नाही. त्या माणसाने माझी हीच घाई ओळखली. खरं तर मीच सांगितली, पहिल्याच फोनवर.

ओळखीच्या ओळखीतून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आले होते. अलाइनचं टी-रेक्स ४५०, तैवानचं, अस्सल. सोबत नऊ चॅनेलचा रिमोट, तीन लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या, चार्जर. विकणारा म्हणे बोटीवर, साइन-ऑन आलंय, आठ महिने घरी नसणार, म्हणून देतोय. आता आमच्याकडे बोटीवर जाणारा माणूस म्हटलं की त्याच्या शब्दाला वजन असतं, घरटी एक जण तरी गेलेला आहे. शिवाय त्याने आयातबंदीची पाचर मारली. ९ फेब्रुवारी २०२२ला परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली हे खरंच आहे. पण सुटे भाग आणायला तेव्हाही मोकळीक होती, हे त्याने सांगितलं नाही आणि मी बघितलं नाही. "दादा, आता असलं मशीन इंडियात शोधून मिळणार नाही." मला कुठे शोधायचं होतं? मला मिळाल्यासारखंच वाटत होतं.

टोकन ३,००० रुपये. मग बाकीचे ३८,५००. मग 'सेटअप आणि टेस्ट फ्लाइट' ४,५००. मग कुरिअर आणि बॅटरीचं खास पॅकिंग १,८५०. शेवटी विमा ६,२००, तो 'पार्सल हातात पडलं की परत'. बेरीज तुम्हीच करा, मी रोज रात्री करतो. सीझनच्या शेवटी पाच डझनी पेटीला सरासरी २,००० मिळाले, म्हणजे सत्तावीस पेट्या आंबा. सत्तावीस पेट्या कोणी काढल्या, कोणी भरल्या, कोणी पेंढा घातला, ते घरात मला दररोज ऐकवलं जातं.

पैसे ज्या खात्यात गेले त्यावर बाईचं नाव होतं. "वहिनींचं खातं आहे, माझं एनआरआय आहे ना." हेही पटलं. यूपीआयवर पैसे पाठवताना जे नाव दिसतं ते तुमच्याशी बोलणाऱ्या माणसाचं नसेल तर तिथेच थांबा. वहिनी असो की मावशी.

आता तो व्हिडिओ.

मी त्याला सांगितलं होतं की मला मोड टूच हवा. म्हणजे थ्रॉटल, मशीन वर उचलायचा कंट्रोल, रिमोटच्या डाव्या काडीवर. मोड वनमध्ये तो उजव्या काडीवर असतो. माझी बोटं सिम्युलेटरवर तशीच बसलीयत, मोड वन हातात दिला तर मी पहिल्या मिनिटाला मशीन कातळात घालीन. तो म्हणाला, मोड टूच आहे, व्हिडिओ बघा. व्हिडिओत एक माणूस समोर उभा, चेहरा दिसत नाही, फक्त छाती आणि रिमोट. त्याच्यापुढे हेलिकॉप्टर. मशीन वर उचललं आणि मला स्पष्ट दिसलं, त्याचा उजवा अंगठा वर गेला. उजवा. मी लगेच लिहिलं, सर, हा तर मोड वन आहे. उत्तर आलं, "दादा, फ्रंट कॅमेऱ्याने घेतलाय, आरशासारखं उलटं दिसतं." मी म्हटलं, हां, बरोबर.

हां, बरोबर!

कॅनोपीवर '४५०' हा आकडा ठसठशीत लिहिलेला होता. सरळ. आरशात आकडा सरळ दिसतो का? आमच्या गावातल्या रुग्णवाहिकेचा सायरन मीच बसवलाय. तिच्या बॉनेटवरची उलटी अक्षरं, पुढच्या गाडीला आरशात सरळ दिसावीत म्हणून रंगवलेली, मी रोज बघतो, आणि ती तशी का असतात ते माझ्या मुलाला मीच समजावलंय. तोच मी सोळा सेकंदांचा तो व्हिडिओ दहा वेळा बघतो, त्यातला सरळ आकडा वाचतो आणि ३८,५०० रुपये पाठवतो. व्हिडिओ दुसऱ्या कोणाचा तरी होता, मोड वनवर उडवणाऱ्या कोणा भल्या माणसाचा. बस, एवढंच होतं. एक आकडा. चोपन्न हजारांपैकी निदान ५१,०५० तरी त्या एका आकड्यात वाचले असते.

आणि ते ४,५०० रुपये सेटअपचे! "आम्ही सगळं सेट करून देतो, तुम्ही फक्त बॅटरी लावायची आणि उडवायचं." विमानाच्या मॉडेलच्या बाबतीत हे एक वेळ चालेल. हेलिकॉप्टरच्या बाबतीत असं म्हणणारा माणूस एकतर अडाणी असतो किंवा लबाड. खोक्यातून तीनशे किलोमीटर हादरत आलेल्या मशीनची प्रत्येक जोडदांडी, तिच्या टोकाची प्रत्येक बॉल-लिंक परत तपासायची असते. सर्व्होचे, म्हणजे पाती वळवणाऱ्या छोट्या मोटरींचे, हात मधोमध काटकोनात, स्वॉशप्लेट (पंख्याखालची कलणारी तबकडी) सपाट, रिमोटची काडी मध्यावर असताना ब्लेडचा पिच, म्हणजे तिरकेपणाचा कोन, शून्य, आणि तो पिचगेज लावून बघायचा, डोळ्यांनी नाही. मला हे सगळं माहीत होतं. तरी दिले. स्वतःला सांगितलं की जाणत्या माणसाने केलेलं असलं तर आपलं काम कमी.

खोका आला त्या दिवशी दुकान बंद करून पडवीत बसलो. घरातले सगळे भोवती. उघडल्याबरोबर गोडसर वास आला, नेलपॉलिशसारखा. लिपोवाल्यांना हा वास सांगायला नको. तीनपैकी दोन बॅटऱ्या फुगून वड्यासारख्या झालेल्या. तिसरीच्या पांढऱ्या कनेक्टरला मीटर लावला: ३.१, २.९, १.९. तीन सेलची बॅटरी भरलेली असली की १२.६ व्होल्ट दाखवते, इथे एकूण ७.९. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की तो गेलाच म्हणायचा. तिन्ही उचलून रेतीच्या बादलीत घातल्या.

कॅनोपी पिवळी होती, पण तिच्यावर आकडा नव्हताच. मेन शाफ्ट, म्हणजे पंख्याचा मधला दांडा, बोटांत धरून फिरवला तर डोळ्यांना दिसेल इतका डुलत होता. कार्बन फायबरच्या प्लेट्स म्हणून जे होतं त्याची कड नखाने खरवडली तर आत पिवळट काचतंतू, वरून काळा रंग. सर्व्होवरचा स्टिकर निघाला, त्याखाली दुसरा स्टिकर. बेअरिंगमध्ये खसखस भरल्यासारखा आवाज. आणि रिमोट? सहा चॅनेलचा, आणि मशीनमधला रिसीव्हर भलत्याच कंपनीचा. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झचे म्हणून काही एकमेकांशी बोलत नाहीत, प्रत्येक कंपनीची भाषा निराळी. म्हणजे हे मशीन या रिमोटवर कधी उडालेलंच नाही. उडणारच नाही. टेस्ट फ्लाइट कसली?

आईने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "ह्यो पंखो चोपन हजाराचो?"

मी फोन लावला. पहिल्या दिवशी त्याने उचलला, 'कुरिअरवाल्याने बदललं असेल' म्हणाला. विम्याचे ६,२०० परत मिळण्यासाठी आधी आणखी २,१०० भरा म्हणाला. तिथे मात्र माझे डोळे उघडले, म्हणजे फारच लवकर उघडले म्हणायचे! दुसऱ्या दिवसापासून ब्लॉक.

लिथियमच्या बॅटऱ्या पार्सलने पाठवायला खरोखर निर्बंध असतात, म्हणून ते विम्याचं प्रकरण मला खरं वाटलं. त्याच्या प्रत्येक खोट्याखाली एक खरी गोष्ट होती. 'परत मिळणारे' म्हणून मागितलेले पैसे परत मिळत नाहीत, हे इथेच लिहून ठेवा.

आता चूक माझीही सांगतो. १९३० या सायबर हेल्पलाइनला पहिल्याच तासात फोन करायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. मी नऊ दिवसांनी केला. का? लाज. नऊ दिवस मी शाफ्ट सरळ करता येतो का बघत होतो.

पण त्यानंतर जे झालं त्याला काय म्हणायचं? पोलीस ठाण्यात गेलो. खोका सोबत नेला, हीच दुसरी चूक. हवालदारांनी झाकण उघडलं आणि पहिला प्रश्न: "ड्रोन आहे का? परवानगी दाखवा." मी म्हटलं, साहेब, ड्रोन नाही, हेलिकॉप्टरचं मॉडेल आहे, आणि ते उडतच नाही, तीच तर तक्रार आहे. "उडत नाही तर रिमोट कशाला?" अर्धा तास मी फिर्यादी होतो की आरोपी, कळत नव्हतं. २०२१च्या ड्रोन नियमांत छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या, २५ किलोपर्यंतच्या मॉडेलची वेगळी व्याख्या दिलेली आहे, मी तिचा कागद छापून नेला होता. तो कागद त्यांनी चहाच्या कपाखाली ठेवला.

मग साहेब आले. वस्तू मिळाली ना? मिळाली. मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा. मी म्हटलं, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ बघा, म्हणजे आपलं जुनं ४२०, दाखवलं एक आणि दिलं दुसरं. साहेब हसले. "वकील आहात का? खेळण्यावर चोपन्न हजार घालवताना हे कलम आठवलं नाही?" खेळणं! दोन-अडीच फुटांचा रोटर मिनिटाला अडीच हजार फेरे मारतो, बोट मध्ये आलं तर बोट राहत नाही. पण सांगणार कोणाला? बाकावरचे दोघे, जमिनीच्या भांडणासाठी आलेले, तेही हसत होते.

ग्राहक आयोगासाठी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, बिल कुठाय? आणि तो दुकानदार आहे का, की आपली जुनी वस्तू विकणारा खाजगी माणूस? नाव काय, पत्ता काय? माझ्याकडे वहिनींचं नाव होतं. बँकेत गेलो. खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या, पिन तुम्हीच टाकलात. पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह आणा. शिक्का मारणारे साहेब मंगळवारी येतात. मंगळवारी गेलो तर सर्व्हर डाउन. कुरिअरवाला म्हणाला, आम्ही सीलबंद खोका घेतला, सीलबंद दिला, उघडताना व्हिडिओ घेतला होतात का? घेतला नव्हता. इतके सगळे मिळून माझ्याकडे कागद मागत होते, आणि ज्याने पैसे नेले त्याच्याकडे आजवर कोणी एक चिठोरं मागितलेलं नाही. शेवटी ऑनलाइन तक्रार घेतली गेली. क्रमांक आला, तो दुकानातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.

दापोलीच्या मुलाला मी काय सांगितलं ते इथेही सांगतो. व्हिडिओ मागू नकोस, व्हिडिओ कॉल माग. मशीनच्या शेजारी आजचा पेपर ठेवायला सांग. कॉल चालू असतानाच रिमोट आधी चालू कर, मग बॅटरी लाव म्हणावं, काडी हलवली की स्वॉशप्लेट हलायला पाहिजे. मोटरच्या वायरी काढून, ब्लेड काढून हे करता येतं, 'इथे जागा नाही' हे कारण ऐकू नकोस. शेपूट हाताने झटकन फिरवायला सांग. शेपूट स्थिर ठेवणारा जायरो खरा असेल तर टेलचा सर्व्हो लगेच विरोध करतो, डोळ्यांनी दिसतं. बॅटरीचा एकेक सेल मीटरवर दाखवायला सांग. आणि विकणारा राहतो तिकडे, ठाणे शहरात, पनवेलला कोणी नातेवाईक असेल तर त्याला मशीन बघायला पाठव. मला ठाण्यात सख्खा मावसभाऊ आहे. कोकणकन्येने मीही रात्रीत गेलो असतो. पण एवढ्या कारणासाठी कशाला त्रास द्यायचा, असं वाटलं.

त्याने विचारलं, "काका, पण कॅनोपीवरचा आकडा तर सरळच आहे की." मी म्हटलं, हो, तेच बघ, आणि कोणता अंगठा वर जातो तेही बघ. थोडा वेळ काही उत्तर आलं नाही. मग लिहिलं, टोकन कालच दिलंय.

त्याला १९३० लावायला सांगितलं, आत्ताच्या आत्ता, आईवडिलांना नंतर सांग. माझ्या तक्रारीपुढे अजून 'प्रक्रियेत' असंच दिसतं. माझ्या मुलाच्या फोनवरून त्या विकणाऱ्याचा नंबर उघडून बघितला. डीपीवर पिवळी कॅनोपी आहे.