अण्णांचा व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करून घेतला, त्याचा अनुभव

आधीच सांगून टाकते, दुकानाचं नाव आणि नंबर मी इथे देणार नाहीये. त्यांनीच तसं बजावलंय. पंचाहत्तरीला टेकलेले गृहस्थ आहेत, एकटेच काम करतात, महिन्याला तीन-चार सेट हातावेगळे होतात, गर्दी झाली तर झेपणार नाही म्हणाले. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास जी जुनी पार्टची दुकानं आहेत तिथे कुणालाही विचारा, व्हॉल्व्हचा सेट, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांवर चालणारा जुना रेडिओ, म्हटलं की त्यांच्याकडेच पाठवतात. मलाही तसंच कुणीतरी पाठवलं.

रेडिओ आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, मर्फी कंपनीचा, लाकडी पेटीचा. दादाकडे कपाटावर चादरीत गुंडाळून पडला होता, टीव्ही आला तेव्हापासून कुणी लावला नव्हता म्हणजे चाळीस वर्षं झालीच. दादा घर बदलतोय, सून म्हणाली आत्या ह्याचं काय करायचं सांगा, आणि मला त्या चादरीत तो बघवेना. म्हणून मी घेऊन आले.

पहिल्यांदा घराजवळच्या एका दुकानात नेला. तिथल्या मुलाने मागचा पत्रा सुद्धा उघडला नाही, म्हणाला आतलं सगळं काढून टाकू, ब्लूटूथचं किट बसवू, लाईट लावू, साडेतीन हजार, संध्याकाळी घेऊन जा. तो वाईट बोलला असं नाही, पण मला एकदम पोटात तुटलं. आतलं काढून टाकलं तर अण्णांचा रेडिओ कुठे राहिला, नुसती पेटी राहिली. तशीच रिक्षात घालून परत आणला.

मग बुधवार पेठेतल्या ह्या गृहस्थांकडे गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, दोन माणसं उभी राहिली की भरतं. त्यांनी सेट टेबलावर ठेवला, वरून एकदा हात फिरवला आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, हल्ली कुणी प्लगला लावून बघितला का?" मी म्हटलं नाही, भीती वाटली. म्हणाले फार बरं केलंत. ज्यांच्याकडे असे सेट पडून आहेत त्यांच्यासाठी लिहिते, इतकी वर्षं बंद असलेला रेडिओ हौसेने डायरेक्ट प्लगला लावू नका. आतले कंडेन्सर वाळून गेलेले असतात, एकदम करंट गेला तर ते फुटतात आणि सोबत ट्रान्सफॉर्मरही जातो, आणि तो ट्रान्सफॉर्मर गेला की तसा मिळायला मुश्कील. आत अडीचशे व्होल्टच्या आसपास खेळत असतं त्यामुळे मागचा पत्रा काढून बोट घालायचं तर काम नाहीच. ते आधी सिरीजमध्ये बल्ब लावून सेटला हळूहळू जाग आणतात, बल्ब फुल पेटला तर आत शॉर्ट, मंद पेटला तर पुढे जायचं. मला उभं राहून सगळं बघू दिलं, न विचारता समजावून सांगत होते.

पत्रा काढला तर आत उंदराने केलेलं घर, कापूस, कागदाचे तुकडे, आणि चॅसीच्या, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याच्या, कडेला पेन्सिलने लिहिलेलं "12/3/68". आधीच्या कुणा मेकॅनिकने व्हॉल्व्ह बदलला तेव्हा तारीख टाकलेली. ते म्हणाले आम्ही सगळे लिहायचो, पुढच्याला कळावं म्हणून. सगळं साफ केलं पण ती तारीख पुसली नाही, आणि शेवटी त्याखाली स्वतःची टाकली. मला ह्या एका गोष्टीसाठीच त्यांना शंभरपैकी शंभर द्यावेसे वाटतात.

काम काय काय केलं ते सांगते. कागदी कंडेन्सर सगळे नवीन, मोठा फिल्टरचा कंडेन्सर नवीन, ज्याच्यामुळे भुंग्यासारखा आवाज येतो तो. आवाजाचा व्हॉल्व्ह ईएल 84 मेलेला होता तो बदलला, हा अजून नवा बनतो कारण गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला लागतो, त्यामुळे मिळाला. काट्याची दोरी तुटली होती ती नवीन ओवली, हेच सगळ्यात किचकट काम म्हणे, चार कप्प्यांवरून फिरवावी लागते. पुढचं कापड मात्र बदलू नका असं मी सांगितलं, मळकं असलं तरी तेच राहू दे, कारण त्यावर डाव्या कोपऱ्यात निळ्या शाईचा डाग आहे तो माझ्या पाचवीतल्या पेनाचा.

खर्च आला 4,800 रुपये. छापील बिल नाही, पण वहीच्या पानावर एकेक पार्ट आणि किंमत लिहून दिली, आणि काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून परत दिले. हे हल्ली कोण करतं सांगा.

आता तक्रारी, कारण असलेल्या लिहायलाच हव्यात. दोन आठवडे सांगून पाच आठवडे लागले. फोन उचलतीलच असं नाही, दुपारी दुकान बंद असतं, दोनदा माझी खेप फुकट गेली. घरी येत नाहीत, सेट आपणच न्यायचा आणि आणायचा, आणि हे सेट जड असतात, माझ्या वयाच्या बाईला एकटीने नाहीच जमत, नातवाला सोबत न्यावं लागलं. सहा महिन्यांची गॅरंटी तोंडी. आणि स्टेशन बरोबर लागलं की मिटतो तो हिरवा डोळा, तो खूप मंद झालाय, अंधार केल्याशिवाय दिसत नाही. तसा नवीन मिळत नाही, जुना शोधला तर मिळेल पण तोही किती टिकेल सांगता येत नाही, उगाच पैसे घालू नका, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं त्यामुळे मी ह्याला तक्रार म्हणत नाही.

सेट घरी आणला त्या रविवारी ठाण्याहून ताई आली, दादा-वहिनी आले. ताई सत्त्याहत्तर, दादा चौऱ्याहत्तर, मी एकाहत्तर. दादाने बटण फिरवलं, टक् झालं, आणि काहीच नाही. नातू म्हणाला बिघडला वाटतं. आम्ही तिघंही एकदम म्हणालो, थांब! व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो, अर्धं मिनिट तरी जातंच. आम्ही तिघं तसेच थांबलो, लहानपणी थांबायचो तसे, कुणी बोललं नाही, मग तो तापलेल्या धुळीचा वास आला, डायलमागचा पिवळा दिवा, आणि खोलवरून घोगरा आवाज वर वर येत गेला. ताईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुणे केंद्र 792 किलोहर्ट्झवर लागलं, खणखणीत.

आणि मग जे बोलणं सुरू झालं ते रात्री अकरापर्यंत. आम्ही मूळचे शनिवार पेठेतले. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी सात वर्षांची, आमच्या वाड्याची भिंत गेली, भांडी गेली, आईची शिवणाची मशीन चिखलात सापडली. मग गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत गेलो. तिथे रेडिओ फक्त कुलकर्णीकाकूंकडे. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर, म्हणजे आताच्या श्रीलंकेच्या स्टेशनवर, बिनाका गीतमाला हा सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम, अमीन सयानींचा आवाज, काकूंच्या खोलीत बसायला जागा नसायची तर आम्ही मुलं खिडकीच्या गजाला धरून बाहेर उभे. ताई म्हणाली, सिलोन का ऐकायचो माहितीये का, तेव्हाचे नभोवाणी मंत्री केसकर, त्यांनी आकाशवाणीवरची सिनेमाची गाणीच बंद करून टाकली होती, मग अख्खा देश सिलोनकडे वळला, शेवटी 1957 ला आकाशवाणीला गाण्यांसाठी विविध भारती काढावी लागली. पण विविध भारती सुरू झाल्यावरही बुधवारची रात्र सिलोनचीच राहिली, ते काही सुटलं नाही.

1965 ची लढाई. खिडक्यांना काळे कागद, आणि शास्त्रीजींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायला सांगितलेलं. आई चूल पेटवायचीच नाही, मी भुकेने कुरकुर केली तर अण्णा रेडिओ लावायचे आणि म्हणायचे ऐक, बातम्या ऐक. रेशनला मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी, यायचा तेव्हा, त्याच्या भाकरीला चवच नसायची, दादा अजून त्या आठवणीने तोंड वाकडं करतो. मग जानेवारीत सकाळी ताश्कंदची बातमी आली, शास्त्रीजी गेले, आणि आई त्या रेडिओसमोर जमिनीवर बसली ती उठेचना. कोयनेचा भूकंप झाला, 11 डिसेंबर 1967, पहाटे सव्वाचारनंतर, मांडणीवरचे डबे धाडधाड खाली आले, आम्ही पांघरुणं घेऊन अंगणात, आणि अण्णा मात्र परत आत जाऊन रेडिओजवळ बसले, कुठे झालाय कळेपर्यंत ते बाहेर येईनात. तिथेच आमच्या आत्याचं घर, कराडजवळ.

ह्यात एक गोष्ट अशी झाली की मला दोन दिवस झोप नाही लागली नीट. दादा म्हणत होता, नेहरू गेले ते मी ह्याच रेडिओवर ऐकलं, इथे मी उभा होतो, तिथे अण्णा. ताई म्हणे शक्यच नाही, आपला रेडिओ त्यानंतर आला. दोघं चांगलेच हातघाईवर आले. मग मला आठवलं, दुरुस्तीवाल्यांनी विचारलं होतं लायसन्सचं पुस्तक आहे का. नवीन मुलांना सांगते, तेव्हा रेडिओ ठेवायला लायसन्स लागायचं, वर्षाचे 15 रुपये पोस्टात भरायचे आणि पुस्तकात शिक्का मारून घ्यायचा. अण्णांच्या ट्रंकेत ते पुस्तक निघालं. पहिला शिक्का नोव्हेंबर 1964. नेहरू गेले त्याच वर्षी 27 मेला.

दादा ते पुस्तक हातात घेऊन बराच वेळ बसला. मग हळूच म्हणाला, म्हणजे मी कुलकर्णीकाकूंकडे उभा होतो. मग अण्णा तिथे कसे, ते कामावर असणार. ताई म्हणाली, अरे, ते कुलकर्णीकाका असतील, काकांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला होता, मला आठवतंय. साठ वर्षं दादाने तो हात अण्णांचा म्हणून जपला होता. तो रडला नाही पण म्हणाला, काकांना कधी सांगायचंच राहिलं. काका जाऊनही आता पस्तीस वर्षं झाली असतील.

हे सगळं मी परीक्षणात का लिहितेय असं वाटेल, पण मला खरंच असं वाटतं की हा सेट आतून उपटून ब्लूटूथ बसवला असता तर आम्ही गाणी ऐकली असती आणि जेवून झोपलो असतो. ते अर्धं मिनिट थांबण्यात सगळं होतं. आणि सगळ्यांनी एकाच बाजूला तोंड करून बसण्यात. माझ्याकडे मोबाईलवर ती सगळी गाणी आहेत, पण मोबाईलभोवती ताई आणि दादा भांडत नाहीत.

वापरण्याबद्दल दोन-चार गोष्टी, ज्या मला कुणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. ह्या सेटला एफएम नाही, फक्त मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्ह, त्यामुळे हल्लीची स्टेशनं लागणार नाहीत, ही अपेक्षा ठेवून करू नका. शॉर्टवेव्हवर मला नुसती खरखर आली, जिथे सिलोन लागायचं त्या 25 मीटरवर काटा नेऊन ताई बराच वेळ बसली होती. घरात एलईडी बल्ब आणि मोबाईलचे चार्जर चालू असले तर मीडियम वेव्हवरही गुरगुर येते, ते बंद केले की आवाज एकदम स्वच्छ होतो, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं, तोवर मी त्यांना फोन करून करून भंडावलं होतं. पूर्वी खोलीत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असायची ना एरियल म्हणून, तशी आता मिळेना, तर त्यांनी साधी वायर दिली आणि गॅलरीत आडवी बांधायला सांगितली, तिनेही फरक पडतो.

आणि मोबाईलवरची गाणी ऐकायची असतील तर काही उपटायची गरजच नाही. ह्या सेटच्या मागे ग्रामोफोन जोडायला पीयू लिहिलेली जागा असते, तिथे त्यांनी एक वायर करून दिली, दीडशे रुपये जास्त, मोबाईल जोडला की गाणं त्या जुन्या स्पीकरमधून, त्या घोगऱ्या गोड आवाजात येतं. पहिल्या दुकानातल्या मुलाला हे माहीत नसेल, त्याचा काय दोष. पण तुमच्याकडे असा सेट असेल तर आधी मागे बघा ती जागा आहे का. फक्त ही वायर जाणकाराकडूनच करून घ्या, काही सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चॅसीलाच करंट असतो, तिथे मोबाईल जोडणं धोक्याचं, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

रेडिओ आता दादाच्या नवीन घरी गेलाय, दिवाणखान्यात, कपाटावर नाही. ताईकडे ठाण्याला तिच्या सासऱ्यांचा बुशचा सेट माळ्यावर आहे तोही करायचा ठरलंय. मी दुरुस्तीवाल्यांना विचारलं दिवाळीपर्यंत द्याल का, तर म्हणाले दिवाळीला हवा असेल तर श्रावणातच आणून टाका, आणि येताना लायसन्सचं पुस्तक सापडलं तर तेही आणा, मला बघायला आवडतं.