ओसाका ते क्योटो: बुलेट ट्रेन सोडा, आधी उतरायचं कुठे ते ठरवा

ओसाका आणि क्योटो यांच्यात रेल्वेने सुमारे 43 किलोमीटर. दादरहून कल्याणला जाण्याइतकं अंतर. एवढ्या पट्ट्यात जेआर (जपान रेल्वे), हांक्यू आणि केइहान अशा तीन कंपन्यांच्या गाड्या दिवसभर धावतात आणि वरून बुलेट ट्रेन आहेच. जपानला निघालेला मराठी माणूस हटकून विचारतो, "सगळ्यात फास्ट कुठली?" प्रश्नच चुकतोय. ओसाकात तुमचं हॉटेल कुठे आहे आणि क्योटोत पहिलं काय बघायचं आहे, एवढं सांगितलं की गाडी आपोआप ठरते. तिघांची स्टेशनं दोन्ही शहरांत वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. गाडीत वाचवलेली पंधरा मिनिटं बसच्या रांगेत सहज जातात.

बुलेट ट्रेनचा निकाल आधी लावू. शिन-ओसाका ते क्योटो 15 मिनिटं, भाडं साधारण 1,450 येन, म्हणजे येनला साठ पैसे धरले तर साडेआठशे रुपयांच्या पुढे. शिन-ओसाका म्हणजे ओसाका नव्हे. मुख्य ओसाका स्टेशनवरून आधी एक स्टेशन पुढे यायचं, गाडी बदलायची, वर जायचं, फलाट शोधायचा. याच शिन-ओसाकावरून जेआरची साधी जलद गाडी 24 मिनिटांत क्योटोला पोचवते, तीही 580 येनमध्ये. नऊ मिनिटांसाठी अडीचपट पैसे. शिवाय टोकियोहून येताना बुलेट ट्रेनची हौस बहुतेकांची फिटलेली असते. "पण आमच्याकडे रेल पास आहे" म्हणणाऱ्यांनी जरूर बसावं, मात्र 'नोझोमी' नावाच्या बुलेट ट्रेनमध्ये नाही. त्यासाठी पासवर वेगळे पैसे पडतात. 'हिकारी' किंवा 'कोदामा' बघून चढा. आणि केवळ या दोन शहरांसाठी कोणी पास घेत असेल तर त्याला अडवा. सात दिवसांचा पास ऑक्टोबर 2023 मध्ये 50,000 येन झाला.

आता खऱ्या तीन गाड्या.

जेआरची 'शिनकाइसोकु', इंग्रजी फलकावर 'स्पेशल रॅपिड'. ओसाका ते क्योटो अर्ध्या तासाच्या आत, मध्ये फक्त शिन-ओसाका आणि ताकात्सुकी. दिवसा साधारण दर पंधरा मिनिटांनी, बारा डब्यांची, आणि जलद असूनही जादा आकार नाही. वेगात हिला तोड नाही. गोंधळ होतो तो फलकावरच्या नावामुळे. क्योटो हे या गाडीचं शेवटचं स्टेशन नाही. फलकावर माइबारा, नागाहामा, त्सुरुगा, यासु अशी नावं येतात आणि नवा माणूस 'क्योटो' शोधत दोन गाड्या सोडून देतो. ठाण्याला जायला कसारा किंवा खोपोली गाडी चालते, तसंच हे. मात्र डुलकी लागली तर पुढचं स्टेशन यामाशिना, मग ओत्सु, आणि खिडकीत बिवा सरोवर. याच स्टेशनवरून धीमी गाडीही क्योटोला जाते, तिला पाऊण तास लागतो. म्हणून नावापेक्षा गाडीचा प्रकार वाचा.

हिची दुसरी खोड म्हणजे ती हिमेजी-कोबेकडून भरून येते. ओसाकाला दारं उघडतात तेव्हा बसायला जागा मिळेलच असं नाही. सकाळी साडेसात ते नऊ तर मिळतच नाही. मोठ्या बॅगांसाठी वेगळी जागा नाही, दाराजवळ बॅग धरून उभं राहावं लागतं. काही गाड्यांना 'ए-सीट' नावाचा आरक्षित डबा असतो, पण अर्ध्या तासासाठी तेवढे पैसे मोजण्यात अर्थ नाही. आणि या गाडीचा संपूर्ण मार्ग कधीकधी पावणेतीनशे किलोमीटरपर्यंत जातो. दूर कुठेतरी काही अडलं की त्याचा उशीर इथपर्यंत पोचतो.

हांक्यू. दिवसा फिरायला जाणाऱ्यासाठी माझं मत हिच्या बाजूने. ओसाका-उमेदा ते क्योटो-कावारामाची 43-44 मिनिटं, भाडं 410 येन, म्हणजे अडीचशे रुपयांच्या आत. गाडी सुटतेच उमेदाहून, त्यामुळे फलाटावरच्या खुणेपाशी रांगेत उभं राहिलं की एक गाडी सोडून का होईना, जागा मिळते. गर्द तपकिरी रंगाचे चकचकीत डबे, आत लाकडी रंगाच्या भिंती आणि हिरव्या मखमलीच्या सीट. वर्षानुवर्षं हेच रूप त्यांनी जपलंय. उतरता ते थेट शहराच्या मध्यात, जमिनीखाली. वर आलं की शिजो रस्ता. निशिकी बाजार पाच-सात मिनिटांवर, आणि कामो नदीवरचा पूल ओलांडला की गिओन हा जुना भाग. जेआरने क्योटो स्टेशनला उतरलेला माणूस इथे यायला 230 येनची बस शोधत असतो.

जेआर ओसाका स्टेशनवरून हांक्यूच्या उमेदापर्यंत पुलावरून चालत पाच-सात मिनिटं. क्योटोच्या गाड्या 1 ते 3 क्रमांकाच्या फलाटांवर लागतात, बाकीचे कोबे आणि ताकाराझुकाचे. नावांच्या घोळात मात्र सापडू नका: उमेदा, हिगाशी-उमेदा, निशि-उमेदा ही मेट्रोची स्टेशनं, ओसाका-उमेदा हांक्यूचंही आणि हांशिन या आणखी एका कंपनीचंही, आणि नुसतं ओसाका जेआरचं. सगळी एकमेकांना चिकटून आहेत. मॅपवर नुसतं 'उमेदा' टाकलं तर भलत्याच गेटपाशी नेऊन सोडतो. कंपनीचं नावही टाका.

आराशियामाचं बांबूचं बन आधी बघायचं असेल तरी हांक्यू सोयीची. कात्सुराला उतरून आराशियामा फाट्याची गाडी धरायची. तिथून तोगेत्सुक्यो पूल ओलांडून बनापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालायचं आहे. गुडघे दुखणारे सासू-सासरे बरोबर असतील तर जेआरने क्योटोला जाऊन सागा-आराशियामाला उतरणं बरं, ते स्टेशन बनाच्या जवळ आहे. हांक्यूच्या काही 'तोक्क्यू' म्हणजे जलद गाड्यांना जुलै 2024 पासून 'प्रिव्हेस' नावाचा आरक्षित डबा आहे, जादा 500 येन. संध्याकाळी साडेपाच-सातच्या गर्दीत थकून परत येताना तो घेण्यासारखा आहे. सकाळी गरज नाही.

केइहान. तिघींत सावकाश, पण बसायला सर्वांत सुखाची. योदोयाबाशी ते गिओन-शिजो साधारण 50 मिनिटं, भाडं पाचशे येनच्या आत. नांबा-शिन्साइबाशी भागात हॉटेल असेल, आणि आपल्याकडच्या बहुतेकांचं तिथेच असतं, तर मिदोसुजी मेट्रोने योदोयाबाशी नांब्यापासून तिसरं स्टेशन. उमेदाच्या भुलभुलैयात शिरायलाच नको. गिओन-शिजो स्टेशन नदीच्या पूर्व काठावर, म्हणजे यासाका मंदिर आणखी जवळ. सान्जुसान्गेन्दो मंदिरासाठी शिचिजोला उतरा.

8000 मालिकेच्या गाडीत एक दुमजली डबा असतो, त्याला जादा पैसे नाहीत. योदोयाबाशीला गाडी आल्यावर आतले लोक उतरतात आणि दारं पुन्हा बंद होतात. घाबरून जायचं कारण नाही, गाडी तुम्हाला सोडून जात नाही. आत सगळ्या सीट एका झटक्यात आपोआप फिरून क्योटोकडे तोंड करतात, मग दारं उघडतात. त्याआधी दाराशी ढकलाढकली करणाऱ्याला काही मिळत नाही. 'प्रीमियम कार' या आरक्षित डब्यासाठी चारशे-पाचशे येन जादा पडतात. रुंद सीट, गाडीतच मदतनीस, फोन चार्ज करायची सोय. मोठी बॅग असेल तर हे पैसे सार्थकी लागतात.

फुशिमी इनारीच्या लाल तोरी कमानींना जाणाऱ्यांची केइहानमध्ये एक नेहमीची फजिती होते. तोक्क्यू फुशिमी-इनारीला थांबत नाही. ताम्बाबाशीला उतरून समोरच लागणारी धीमी गाडी धरायची, पुढे चौथं स्टेशन. बसून राहिलात तर थेट शिचिजो. जेआरकडून जायचं तर क्योटोहून नारा मार्गावर इनारी दुसरं स्टेशन, 150 येन, बाहेर पडताच देवळाचं प्रवेशद्वार. मात्र तिथेही जलद 'मियाकोजी' घेऊ नका, ती इनारी गाळते. दोन्हीकडे धडा एकच, आणि तो मुंबईकराला शिकवायची गरज नाही: आपल्या स्टेशनला स्लो थांबते की फास्ट ते आधी बघायचं.

'तोक्क्यू', म्हणजे लिमिटेड एक्स्प्रेस, या शब्दाने बरेच जण फसतात. हांक्यू आणि केइहानच्या तोक्क्यूला साधं भाडं पुरतं. जेआरच्या तोक्क्यूला वेगळं तिकीट लागतं. विमानतळावरून येणारी 'हारुका' किंवा होकुरिकूकडे जाणारी 'थंडरबर्ड' ओसाकाहून क्योटोला जातात खऱ्या, पण साध्या भाड्यावर चढलात तर गाडीतच फरक भरावा लागतो. थंडरबर्डमध्ये तर मार्च 2024 पासून सगळ्याच जागा आरक्षित आहेत. हारुका ओसाकात जमिनीखालच्या 21 ते 24 क्रमांकाच्या फलाटांवर लागते, शिनकाइसोकु वरच्या फलाटांवर. फलाट नीट बघितला तर ही चूक होतच नाही.

पैसे भरायला आयकोका हे रिचार्जचं कार्ड घ्या: 2,000 येन, त्यातले 500 अनामत, उरलेले प्रवासाला. टोकियोत घेतलेलं सुइका कार्ड तिन्ही कंपन्यांच्या गेटवर चालतं, दुसरं घेऊ नका. रिचार्ज मशीन बहुतेक ठिकाणी रोखच मागतं, तेव्हा हजाराच्या दोन-तीन नोटा वेगळ्या ठेवा. एका कार्डावर दोघं जाता येत नाही, प्रत्येकाला वेगळं. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं, त्यासाठी मुलांचं कार्ड पासपोर्ट दाखवून काउंटरवर करून घ्यावं लागतं. शिल्लक कमी पडून बाहेरच्या गेटने अडवलं तर शेजारीच फरक भरायचं मशीन असतं. दंड नाही, ओरडा नाही.

एक बारीक गोष्ट. जेआर बंद पडली तर कागदी तिकीट असलेल्यांना हांक्यू-केइहानने फुकट पाठवण्याची व्यवस्था होते, पण कार्डातल्या शिलकीवर निघालेल्यांना ती मिळत नाही. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी मशीनमधून कागदी तिकीट काढलेलं बरं.

हॉटेल बदलण्याच्या दिवशी हिशोब उलटा होतो. चौघं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर बॅगा हॉटेलच्या रिसेप्शनवर ताक्क्युबिनला (सामान पोचवणाऱ्या कुरियरला) द्या. मोठ्या बॅगेला दोन-अडीच हजार येन पडतात आणि साधारण दुसऱ्या दिवशी ती क्योटोच्या हॉटेलात पोचते. एका रात्रीचे कपडे आणि औषधं पाठीवरच्या पिशवीत. टॅक्सी करू म्हणाल तर पंधरा हजार येनच्या पुढे मोजायची तयारी ठेवा, आणि वाटेत ट्रॅफिक लागला तर नशीब.

क्योटोचं हॉटेल स्टेशनजवळ असेल तर मात्र मुकाट जेआर घ्या. तिथून गिओनला जायचं तर मार्चअखेरच्या साकुरात (चेरीच्या बहरात) आणि नोव्हेंबरच्या लाल पानांच्या दिवसांत बसच्या रांगेत उभं राहू नका. जेआर नारा मार्गाने एक स्टेशन, तोफुकुजी. तिथेच केइहानचं स्टेशन जोडलेलं आहे, धीमी गाडी धरून गिओन-शिजो. परत येताना शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास असते, पण मेट्रोची जोडगाडी त्याआधीच जाऊ शकते. नांब्याला राहणाऱ्यांनी साडेदहाच्या सुमारास गिओन सोडावं.