हाउस ऑफ द ड्रॅगन, सीझन २: दर आठवड्याला एक भाग नको, जोडीजोडीने बघा

(कथानकातले बरेच धागे इथे उघड केले आहेत. सीझन पाहिला नसेल तर आधी तो बघा.)

'गेम ऑफ थ्रोन्स'च्या आधीची कथा सांगणाऱ्या या मालिकेचा पहिला सीझन दहा भागांचा होता, २०२४चा हा दुसरा आठचाच आहे. तरी तो लांबल्यासारखा वाटतो. याचं कारण लांबी नव्हे, मांडणी. खरा स्फोट चौथ्या भागात होतो, मग तीन भाग जुळवाजुळव चालते आणि आठव्यात सैन्यं निघतात तोच पडदा पडतो. आठवडाभर थांबून एकेक भाग पाहिला की हा संथपणा जास्तच बोचतो. म्हणून १-२, ३-४, ५-६ आणि ७-८ अशा जोड्या लावा.

आधी उजळणी हवीच, पण सगळा पहिला सीझन नको. त्यातले ८, ९ आणि १० हे तीन भाग पुरतात. आठवा तर अजिबात टाळू नका: मरणासन्न राजा व्हिसेरिसचं 'एगॉन'बद्दलचं पुटपुटणं राणी एलिसेंट चुकीचं समजते, आपला मुलगा एगॉन गादीवर बसावा अशी राजाची इच्छा आहे असं तिला वाटतं, आणि राजाची मुलगी रेनिरा हिच्याशी होणाऱ्या युद्धाचं मूळ तिथे आहे. ते डोक्यात ताजं नसेल तर दुसऱ्या सीझनच्या तिसऱ्या भागात रेनिरा आणि एलिसेंट प्रार्थनागृहात समोरासमोर येतात, तो प्रसंग निम्माच कळतो. रेनिरा, रेनिस, रेना ही नावं गोंधळात पाडतातच. सबटायटल्स चालू ठेवा.

चौथा भाग, रूक्स रेस्ट या किल्ल्यापाशी होणारी लढाई, हे या सीझनचं सोनं. लढाई दिवसाउजेडी आहे, हा केवढा दिलासा! (पहिल्या सीझनचा सातवा भाग इतका काळोखा होता की प्रेक्षक वैतागले होते.) दारूच्या नशेत एगॉन आपल्या सनफायर या ड्रॅगनवर बसून मध्येच टपकतो आणि रेनिराच्या बाजूने लढणाऱ्या रेनिसच्या मेलिस या ड्रॅगनशी भिडतो. खाली जंगलात आपल्या व्हेगार या ड्रॅगनला दडवून बसलेला एगॉनचा भाऊ एमंड लगेच उठत नाही. उठतो तेव्हा आग सोडतो ती शत्रू आणि भाऊ दोघांवर. रेनिसला निघून जाता आलं असतं, पण ती मेलिसला मागे वळवते. शेवटी व्हेगार अचानक खालून उसळून मेलिसची मान जबड्यात धरते. ड्रॅगन म्हणजे नुसती शोभा नाही, ज्याच्या हाती आहे त्यालाही आवरणार नाही असं अस्त्र आहे, हे एकाही संवादाशिवाय पटतं.

त्या मानाने रेनिराचा नवरा डेमन याचं हॅरनहॉल किल्ल्यातलं प्रकरण ताणलेलं आहे. तिसऱ्या भागात तो तिथे पोचतो आणि शेवटपर्यंत भास आणि स्वप्नांतच घुटमळतो. किल्ल्याचा कारभारी सायमन स्ट्राँगच्या भूमिकेत सायमन रसेल बील आहेत म्हणून ते सुसह्य होतं. सातव्या भागातला वर्मिथोर हा ड्रॅगन मात्र चुकवू नका.

आता टीव्हीची सेटिंग्ज. मोशन स्मूदिंग बंद करा. मालिका सेकंदाला २४ फ्रेम्सची असते आणि टीव्ही मधल्या फ्रेम्स मनाने बनवतो, त्यामुळे वेगाने हलणाऱ्या पंखांच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. फिल्ममेकर मोड (चित्र मूळ रूपात दाखवणारी सेटिंग) असेल तर उत्तम. इको मोड आणि उजेड ओळखणारा सेन्सर हेही बंद ठेवा, एरवी मेणबत्तीच्या प्रकाशातल्या सभा काळ्या चिखलासारख्या दिसतात. अंधाऱ्या भिंतींवर पट्टे उमटत असतील तर बहुधा दोष टीव्हीचा नसून इंटरनेटच्या वेगाचा असतो. वेग कमी पडला की स्ट्रीमिंग आधी गडद भागातलाच तपशील खाऊन टाकतं.

संवाद पुटपुटल्यासारखे आणि ड्रॅगन कानठळ्या बसवणारे, ही तक्रार टीव्हीच्याच स्पीकरवर बघणाऱ्यांची. ५.१ (सहा चॅनलांच्या) ध्वनीत संवाद मुख्यतः मधल्या चॅनलवर असतात आणि दोन स्पीकरांवर ते मिश्रणात दबतात. ऑडिओ स्टिरिओवर टाका किंवा संवाद उठावदार करणारा पर्याय निवडा. साउंडबारला वेगळा सेंटर स्पीकर असेल तर त्याचा आवाज थोडा वाढवला तरी भागतं.