एका नळाचा केगरेटर आणि होमब्रू: काही महिने वापरल्यावर

घरी बनवलेल्या बिअरच्या (होमब्रू) बाटल्या धुवायचा कंटाळा हेच केग, म्हणजे बिअरची धातूची टाकी, घेण्याचं खरं कारण. न्यू जर्सीत बेसमेंटमध्ये एका नळाचा केगरेटर (केग ठेवायचा, वर नळ असलेला फ्रिज), आत सेकंडहँड पाच गॅलनचा बॉल-लॉक जोडणीचा कॉर्नी केग (उंच, सडपातळ टाकी) आणि पाच पौंडांचा सीओटू सिलिंडर, असा माझा संच. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीतल्या बहुतेक केगरेटरची रड सारखीच आहे.

रड म्हणजे फेस. अर्धा ग्लास फेस, आणि खाली उरलेली बिअर मात्र मिळमिळीत. अशा वेळी हात आपोआप सिलिंडरवरच्या, गॅसचं प्रेशर ठरवणाऱ्या रेग्युलेटरकडे जातो. प्रेशर उतरवलं की दोन ग्लास बरे येतात, मग आठवडाभरात सगळा केगच बसतो, कारण विरघळलेला गॅस हळूहळू बाहेर पडतो. 38 फॅरनहाइटला 12 पीएसआय (प्रेशरचं एकक) म्हणजे साधारण अडीच व्हॉल्यूम कार्बोनेशन, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या अडीचपट सीओटू विरघळलेला. पेल एल प्रकारच्या बिअरला एवढं पुरतं. तो आकडा ठरवला की रेग्युलेटर विसरून जायचा.

खरा दोष होता सोबत आलेल्या नळीत. आतून 3/16 इंच, लांबी जेमतेम पाच फूट. एवढ्याशा नळीत प्रेशर मुरतच नाही, बिअर नळातून उसळते. त्याच मापाची दहा फुटी नळी गुंडाळून बसवली आणि निम्मी कटकट संपली. ग्लास भरायला थोडा वेळ लागतो, लागू दे.

उरलेल्या कटकटीत नळीतले बुडबुडे कुठे दिसतात ते बघावं. वर टॉवरपाशी (नळ बसवलेल्या खांबापाशी) असतील आणि फक्त पहिला ग्लास फेसाळत असेल, तर टॉवर गरम आहे. फ्रिजमधली थंड हवा वर ढकलणारा छोटा पंखा बसवा. हा पंखा कंपनीनेच द्यायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत. बुडबुडे केगच्या तोंडापासूनच निघत असतील, तर बिअरच्या पोस्टखालची (पोस्ट म्हणजे केगवर नळी जोडायचं तोंड), डिप ट्यूबची, म्हणजे केगच्या तळापर्यंत जाणाऱ्या नळीची, ओ-रिंग बघा. ती झिजली की वरचा गॅस थेट बिअरच्या वाटेत शिरतो. रबराची ती चिमुकली रिंग काही सेंटची, पण जुन्या केगमध्ये पहिल्याच दिवशी सगळ्या बदलून टाकाव्यात. ड्राय हॉपिंग (वासासाठी बिअरमध्ये हॉपची फुलं टाकणं) केलं असेल तर पॉपेटमध्ये, म्हणजे पोस्टमधल्या छोट्या झडपेत, हॉपचा कचरा अडकूनही हेच होतं.

थर्मोस्टॅटवरच्या आकड्यावर माझा भरवसा नाही. पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून रात्रभरानंतर वाचतो.

कार्बोनेशनची घाई असणारे 30 पीएसआयवर एक-दीड दिवस ठेवून मग 12 वर आणतात. वर केग हलवत बसलात तर हमखास जास्त होतं. मग गॅसची नळी काढून केगचा रिलीफ व्हॉल्व्ह दिवसातून चार-पाचदा उघडत बसा. मी 12 वरच दोन आठवडे सोडून देतो.

नळ मात्र बदलणार आहे. आहे तो मागून बंद होणारा, चार दिवस वापरला नाही की आत बिअर सुकून दांडा चिकटतो. पुढून बंद होणारा स्टेनलेसचा महाग आहे, पण केगरेटर घेतानाच तसा नळ मागा.