आनाकाओना : आठ महिने ऐकल्यावर

आनाकाओना या क्यूबातल्या बँडची सीडी घरी आली तेव्हा पहिले काही आठवडे मी येईल त्याला सांगत होतो, "1932 चा हवानातला बायकांचा बँड, त्यात सख्ख्या बहिणी!" सगळे कौतुक करायचे आणि तिसऱ्या गाण्याला गप्पांत रमायचे. मग मी ती ओळख करून देणंच सोडलं. नुसती लावायला लागलो, तेव्हा लोक गप्प बसून ऐकू लागले.

क्यूबाचा हुकूमशहा माचादोच्या राजवटीत विद्यापीठ बंद पडलं, म्हणून दंतवैद्यकी शिकणाऱ्या कोन्सेप्सिओन कास्त्रोने बहिणींना घेऊन हा वाद्यवृंद उभा केला. नाव दिलं ताइनो, म्हणजे कॅरिबियनमधल्या मूळ रहिवाशांच्या, राणीचं, आनाकाओना. पुढे अकराच्या अकरा बहिणी त्यात वाजवायला लागल्या. बाईने बोंगोला, त्या हाताने वाजवायच्या छोट्या जोडढोलाला, हात लावणं तेव्हा शोभत नसे, आणि इथे तर तोच सगळ्यांना धरून ठेवतो.

सीडीवर 1937 ची आरसीए व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीची ध्वनिमुद्रणं आहेत. एकेक गाणं तीनेक मिनिटांचं, कारण 78 च्या तबकडीत तेवढंच मावायचं. आधी गायिका कडवं म्हणते, मग मोंतुनो सुरू होतो : ती एक ओळ टाकते, बाकीच्या उचलून धरतात, अगदी पोवाड्यातल्या झिलकऱ्यांसारख्या. क्लावेचा, म्हणजे दोन लाकडी दांड्या एकमेकींवर आपटून धरलेला, ठेका बोटाने टेबलावर धरून बघा, तीन ठोके आणि मग दोन. मला तो सुटायचा बंद व्हायला महिना लागला. त्यानंतर ट्रम्पेट कुठे मुद्दाम मागे रेंगाळतो ते ऐकू यायला लागलं.

आणि गायिका ग्रासिएला पेरेसचा आवाज! 1943 मध्ये ती न्यूयॉर्कला क्यूबन संगीतकार माचितोच्या वाद्यवृंदात गेली आणि नावारूपाला आली, पण तिचा तरुणपणीचा आवाज या सीडीवर आहे. ती आवाज चढवत नाही. शब्दाच्या शेवटी किंचित थांबते, आणि त्या थांबण्यात मला दर वेळी गलबलून येतं.

तक्रार एकच. खरखर काढण्याच्या नादात काही गाण्यांतला बास पार पुसला गेलाय. हेडफोनवर हे फार खुपतं. साधा स्पीकर लावा, आवाज थोडा कमी ठेवा. तबकडीची उरलेली खरखर राहू द्या, तिच्याखालीच बोंगो वाजतोय.