हिशेबाचा कंटाळा आणि ६० प्रश्न: ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर

हिशेबाच्या कामाचा कंटाळा आला आणि दुसरं काय आवडेल हे शोधायचं असेल, तर अमेरिकी कामगार खात्याची ही आवड-चाचणी फुकट आहे, नावनोंदणी लागत नाही. शेवटी आवडीशी जुळणाऱ्या कामांची यादी मिळते. ६० कामं समोर येतात, प्रत्येकाला 'अजिबात आवडणार नाही' ते 'खूप आवडेल' अशा पाच पर्यायांतून उत्तर द्यायचं. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांच्या सहा आवड-गटांत प्रत्येकी १० प्रश्न, प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, म्हणून प्रत्येक गटाला ४० पैकी गुण.

अकाउंटंट मंडळी इथे हमखास फसतात. 'कर्मचाऱ्यांच्या पगाराचा हिशेब करणे' दिसलं की हात आपोआप 'आवडेल'कडे जातो. कारण ते जमतं! चाचणी मात्र कौशल्य मोजतच नाही. शिक्षण आणि पगार बाजूला ठेवून उत्तर द्या, नाहीतर 'कन्व्हेन्शनल' (नोंदी, नियम, ठरावीक पद्धतीची कामं) गट फुगतो आणि निकालात पुन्हा लेखापालच हजर. दुसरी चूक म्हणजे सगळीकडे मधला पर्याय. सहाही आकडे जवळजवळ सारखे येतात आणि यादी निरुपयोगी ठरते. महिनाअखेरीच्या धावपळीत तर ही चाचणी देऊच नका, वैताग गुणांत उतरतो.

पुढे 'जॉब झोन' निवडायचा, १ ते ५, म्हणजे किती तयारी लागते ते. अकाउंटंटचं काम ४ मध्ये मोडतं, त्यामुळे ४ ठेवून कामांची यादी बघा, आणि सर्वाधिक गुणांचे दोन गट कोणते तेही. 'इन्व्हेस्टिगेटिव्ह' (शोध घेणं, विचार करून प्रश्न सोडवणं) वर असेल तर आकडे सोडायची गरज नाही, फक्त नोंदींकडून विश्लेषणाकडे सरका. 'सोशल' (लोकांना शिकवणं, मदत करणं) वर असेल तर मात्र बदल मोठा.

कामांसोबत दिसणारे पगाराचे आकडे अमेरिकेचे, ते सोडून द्या. आणि कंटाळा कामाचा की साहेबाचा, हे चाचणीला कळत नाही.