हळदीच्या अर्काची कॅप्सूल आणि कोलायटिस: काही महिने वापरल्यावरचा हिशेब

अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला व्रण पडण्याचा आजार, त्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर ‘रोज एक, जेवणानंतर’ छापलंय. चीड येते ती इथेच. कॅप्सूल 500 मिलिग्रॅमची, 95 टक्के कर्क्युमिनॉइडवाली, म्हणजे कर्क्युमिन आणि त्याच्या जातीची हळदीतली मुख्य द्रव्यं. ज्या 2015 च्या चाचणीचा गाजावाजा होतो, तिच्यात मेसालाझिन हे या आजाराचं नेहमीचं औषध चालू असलेल्या 26 रुग्णांना रोज 3 ग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं. महिन्याभरात 14 जणांचा आजार शांत झाला. खोटी गोळी मिळालेल्या 24 पैकी एकाचाही नाही. उलट दिल्लीच्या एम्सने 2017 मध्ये रोज 450 मिलिग्रॅमची मात्रा तपासली, तेव्हा फरक दिसला नाही. म्हणजे लेबलवरची मात्रा जवळपास तीच, न चाललेली! 3 ग्रॅमला सहा कॅप्सूल लागतात, साठची बाटली दहा दिवसांत खलास. किंमत बघताना बाटलीची नाही, महिन्याला तीन बाटल्यांची बघा.

डब्यातली हळद स्वस्त पडेल हा हिशेबही चुकतो. तिच्यात कर्क्युमिन साधारण 3 टक्के, म्हणजे दिवसाला 100 ग्रॅम हळद फाकावी लागेल. वर तिच्यातलं ऑक्झलेट. जळगाव-भुसावळच्या उन्हात आधीच पाणी कमी पडतं, त्यात मूतखड्याला आमंत्रण कशाला?

दुसरी खोच काळ्या मिरीच्या अर्काची. ‘वीसपट शोषण’ असं मोठ्या अक्षरात लिहितात. अहो, व्रण मोठ्या आतड्याच्या अस्तराला आहेत. औषध तिथवर पोचायला हवं, वाटेतच रक्तात जाऊन काय उपयोग? मिरीसोबतच्या कर्क्युमिनमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. अशा सहा कॅप्सूल रोज घेणं म्हणजे मिरीचा अर्कही सहापट. म्हणून बिनमिरीचीच घ्या.

मेसालाझिन बंद करायचं नाही. हा अर्क जोडीला आहे, बदली नाही. डॉक्टरांना सांगून एक-एक सुरू करा, आठवड्याभरात सकाळी तीन, रात्री तीनवर या. एकदम सहा घेतल्या की गॅस आणि पातळ शौच होतं, आणि आजारच उसळला असं वाटतं. लोहाची गोळी वेगळ्या वेळेला, कारण कर्क्युमिन लोह धरून ठेवतं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर विचारल्याशिवाय हात लावू नका. सुरुवातीला आणि दोन महिन्यांनी कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी शौचाची तपासणी) तपासा, यकृताची तपासणीही करा. नुसतं ‘बरं वाटतंय’ यावर बाटल्या आणू नका.

हिवाळ्यात पाचपैकी चार तारे दिले असते. मे महिन्यात 45 अंशांत कुरियरने आलेल्या कॅप्सूलचा गोळा झाला. जिलेटिनचं कवच, दुसरं काय होणार! ‘सील फोडलंय, परत घेणार नाही’ असं उत्तर. आता तीनच. उन्हाळ्यात घ्यायचीच तर एसी असलेल्या मेडिकलमधून घ्या.

इसबगोलाला आधी भरतीचा माल समजून माझ्या उपायांच्या यादीत तळाशी ठेवलं होतं, पैशाच्या मानाने आता तो वर जातो. 1999 च्या स्पेनमधल्या चाचणीत आजार शांत असताना त्याच्या बिया, 10 ग्रॅम दोनदा, वर्षभर मेसालाझिनच्या तोडीस तोड ठरल्या. बाजारात मिळतो तो भुसा, बिया नव्हेत. तो ग्लासभर पाण्यात घालून लगेच प्यायचा आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवायचा. क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या आजारात आतडं अरुंद झालं असेल तर मात्र अजिबात नको, अडकतो.